शोकेइचा काढा

शोकेइ तोगुचीला लाज म्हणून नाही, असं त्याची बायको फुमी म्हणायची, आणि ते ती कौतुकानेच म्हणायची. आमच्या कुशिबारू गावात कुणाकडे जेवण असलं की सगळ्यांच्या आधी नाचायला उठणार तो. गळा बेसूर, पण गाणारही तोच. जन्मभर खोल पाण्यात बुड्या मारून त्याचा एक कान बाद झाला होता, त्यामुळे तो बोलायचा ते अर्ध्या गावाला ऐकू जायचं. गावच्या सहकारी दुकानात मी तेव्हा काउंटरवर बसायचे. दुकानाबाहेर गाजुमारू वडाच्या पारंब्यांखाली एक बाक होता. दुपारी होडी किनाऱ्याला लागली की शोकेइ त्या बाकावर. मला रेडिओ लावायची कधी गरजच पडली नाही.

शाळेचं तोंड त्याने जेमतेम पाहिलं होतं. घरात खाणारी तोंडं फार, म्हणून बापाने त्याला लहानपणीच इतोमानच्या कोळ्यांच्या हवाली केलं. त्यांनी त्याला पोहायला शिकवलं ते होडीतून ढकलून देऊन. मग हिवाळा असो की वादळ, जाळ्याकडे मासे हाकत पाण्यात राहायचं. महायुद्ध संपल्यावर तो गावी परतला तेव्हा त्याच्याजवळ पाण्यात घालायचा लाकडी चौकटीचा चष्मा होता, बाकी काही नव्हतं. वाचायला त्याला कधी नीट आलं नाही. डब्यांवरची चित्रं बघून तो सामान मागायचा, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून आणखीच मोठ्याने बोलायचा.

अशा माणसाकडे हिमेनोबाई आल्या.

बाई यामातोकडच्या, म्हणजे टोकियोकडच्या मोठ्या बेटांवरच्या. एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायच्या. चाळिशीच्या आसपास वय, उन्हाने नाक सोललेलं, पायात पुरुषी रबरी बूट. दुकानात शिरून त्यांनी मला विचारलं, "इथे बुड्या मारण्यात पटाईत कोण आहे?" मी बोट दाखवायच्या आतच बाहेरून आवाज आला, "मी!"

त्यांना मासे नको होते, शंखशिंपलेही नको होते.

"मासे ज्याला तोंड लावत नाहीत, असं काहीतरी दाखवा मला," त्या म्हणाल्या.

"मग आमच्या हिने केलेलं कारल्याचं लोणचं घेऊन जा," शोकेइ म्हणाला. फुमी तिथेच मीठ घेत उभी होती. तिने मिठाची पिशवी त्याच्या पाठीत घातली. बाई खळखळून हसल्या आणि तिथून त्यांचं जमलं.

बाईंनी त्याला समजावून सांगितलं ते मीही काउंटरमागून ऐकलं. पोवळं म्हणजे झाड नव्हे, जीव आहे. त्याला जागचं हलता येत नाही. कठीण पोवळं निदान दगडाचं घर बांधून आत दडतं. पण काही पोवळी मऊ असतात. त्यांना कवच नाही, काटे नाहीत, पळता येत नाही. तरी मासे त्यांच्या वाटेला जात नाहीत, ते का?

"चव घाण असणार," शोकेइ म्हणाला.

"तेच ना. ती चव कशाची आहे, ते मला शोधायचंय."

आमच्या किनाऱ्यालगत, लाटा फुटतात त्या खडकांच्या अलीकडच्या उथळ पाण्यात, तसलं एक पोवळं पुष्कळ होतं. जाड देठ, वर मळकट पिवळी टोपी, हाताला चामड्यासारखं. पूर्वीपासून सगळे त्याला समुद्रातली आळंबी म्हणतात. शोकेइने पहिल्याच दिवशी त्याच्या टोपीचे तुकडे कापून आणले. बाईंजवळ सरकारी परवाना होता, आणि देठ तसाच ठेवला की पोवळं पुन्हा वाढतं म्हणून त्या देठ कापू देत नसत. तुकडे मोठ्या बरण्यांत दारूच्या अर्कात बुडवायचे, बरण्या विद्यापीठात न्यायच्या. तिथे बादलीभर आळंबीतून नखावर मावेल एवढंसं काहीतरी निघे. बाई दर उन्हाळ्यात येत राहिल्या. शोकेइच्या घरी जेवायच्या आणि फुमीचं लोणचं खरंच घेऊन जायच्या.

मग एका वर्षी बातमी आली. त्या नखाएवढ्या पदार्थांपैकी एकाने कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखली होती, काचेच्या बशीत. नाहा शहरातल्या वर्तमानपत्राचा माणूस आला. त्याने शोकेइच्या हातात आळंबी देऊन, शेजारी बाईंना उभं करून फोटो काढला. अंक आला तेव्हा शोकेइ तो माझ्या काउंटरवर पसरून म्हणाला, "चष्मा विसरलोय. तू वाच."

मी सगळं वाचलं. प्रयोग बशीतला आहे, हे लिहिलं होतं. माणसाच्या पोटात जाणारं औषध व्हायला अजून बरीच वर्षं लागतील, झालंच तर, हेही लिहिलं होतं. पण फोटोखाली त्याचं नाव होतं, आणि नावाआधी 'संशोधनातील सहकारी' असे शब्द होते. ते शब्द त्याने मला पुन्हा वाचायला लावले, मग पुन्हा. नंतर दुकानात कुणीही आलं की म्हणायचा, "अगं, यांना वाचून दाखव जरा. खालचंच वाच, वरचं राहू दे."

त्या दिवसापासून बाकावर दुसरा विषय उरला नाही. "कॅन्सरचं औषध माझ्या परसात उगवतं, बाबांनो! टोकियोवाले रांगा लावतील." बाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी त्याला धक्क्यावर गाठून खडसावलं. मी होडीतून आलेला माल उतरवून घेत होते. "शोकेइसान, बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. ज्याने पेशी मरतात, त्याने माणूसही मरू शकतो. हे तोंडात घालायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. मला शब्द द्या."

"दिला, दिला," शोकेइ म्हणाला.

गावात त्सुरु टोफू करायची. शोकेइच्याच वयाची. पहाटेच समुद्राचं पाणी आणून त्यात टोफू जमवायची, आणि उजाडलं की वाफाळता टोफू घेऊन आमच्या दुकानात यायची. शोकेइ इतोमानहून परत आला तेव्हा त्याच्या घरी चूल पेटत नव्हती. त्या दिवसांत त्सुरुच्या आईने त्याला टोफूच्या चोथ्यावर जगवलं होतं. ते तो विसरला नव्हता. त्सुरुला 'तू' म्हणणारा आणि तिच्याकडून 'गाढवा' ऐकून घेणारा गावात तो एकटाच.

त्सुरुला जेवण जाईना. शहरातल्या इस्पितळात नेलं तर पोटात गाठ निघाली. कापून काढावी लागेल म्हणाले, तारीखही दिली. पण तिची थोरली बहीण अशाच शस्त्रक्रियेतून परत आली नव्हती. तारीख ऐकल्यापासून त्सुरुच्या हाताला कंप सुटला होता. टोफू द्यायला आली की भांडं काउंटरवर वाजायचं.

एका दुपारी बाक भरलेला होता. शोकेइ रंगात आला होता. त्सुरु दुकानातून बाहेर पडली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "गाढवा, खरं सांग. ते तुझं आळंबीचं औषध चालतं का?"

शोकेइने इकडेतिकडे पाहिलं. "चालतं म्हणजे काय? विद्यापीठात चालतं!"

तेव्हा ते तिथेच थांबलं. पण दुसऱ्या दिवशी ती त्याच्या घरी गेली. फुमी शेतावर होती. त्या वेळी दोघांत काय झालं ते शोकेइने पुढे स्वतःच सांगितलं. "तिने मला मानाने 'शोकेइसान' म्हटलं," तो म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा. डॉक्टरकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती. 'नाही' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण तसं माझ्याकडे कधी कुणी बघितलंच नव्हतं. तो शब्द मी गिळला."

त्याने आळंबी आणली, छपरावर वाळवली, आलं आणि काळा गूळ घालून उकळली. आळंबीच तर आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. उकळल्यावर काय बिघडणार? आधी थोडा थोडा काढा दिला. त्सुरुला बरं वाटायला लागलं. निदान तसं ती म्हणायची. हाताचा कंप गेला, टोफूचं भांडं वाजेनासं झालं. शस्त्रक्रियेची तारीख आली आणि गेली. मुलाला, चोशिनला, तिने सांगितलं की डॉक्टरांनीच पुढे ढकललीय. चोशिन साखर कारखान्यात पाळीवर जायचा. त्याने विश्वास ठेवला.

गुण येतोय म्हटल्यावर काढा घट्ट होत गेला. शेवटी शेवटी त्सुरु स्वतःच मागायची, "आणखी कडक कर."

एके दिवशी टोफू आला नाही. चोशिन घरी आला तर आई स्वयंपाकघरात पडलेली, ओठ सुजलेले, जीभ जड, अंगाला मुंग्या, आणि उलटी थांबत नाही. रुग्णवाहिका तिला घेऊन गेली.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? त्सुरुला बोलता येण्यासारखं झालं तेव्हा ती म्हणाली, "मासा."

चोशिन म्हणाला, "हो, आदल्या दिवशी उशीकाकूकडून लाल मासा घेतला होता. मी कारखान्यात जेवलो, म्हणून वाचलो."

लाल मासा फार मोठा झाला की त्यात कधीकधी विष भिनतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डॉक्टरांना ते पटण्यासारखंच होतं. आरोग्य खात्याचा माणूस येऊन, मासा कुठला हे जपून बघा, असं सांगून गेला. त्याने कुणाचं नाव घेतलं नाही. नाव गावाने घेतलं, उशीचं.

उशी मासे विकायची. नवरा गेल्यापासून गाडी ढकलत दारोदार फिरायची. कमरेत वाकलेली, तोंडाने तिखट. होड्यांवरून मासा घ्यायची, आणि त्सुरुने घेतलेला तो लाल मासा शोकेइच्याच होडीवरचा होता. चांगला होता, वीतभर, विष भिनण्याच्या वयाचाच नव्हता. पण लोक म्हणाले, शोकेइच्या माशात खोट कशी असेल? उशीनेच कुठूनतरी शिळंपाकं मिसळलं असणार.

उशीची गाडी दिसली की दारं आतून लागायला लागली. ती माझ्या दुकानासमोर गाडी लावून ओरडायची, "अरे, माझा मासा खाऊन तुमचे आजे-पणजे नव्वदी पार करून गेले! तुमचीच तोंडं कशी एवढी नाजूक झाली रे?" बर्फ वितळून गाडीखाली ओघळ लागायचा. संध्याकाळी ती न विकलेला मासा परत समुद्रात टाकून यायची. तिची सून तिला म्हणाली, आता पुरे झालं, घरी बसा. उशी घरी बसणाऱ्यांतली नव्हती. पण हळूहळू तिचं ओरडणं बंद झालं. नुसती गाडीजवळ उभी राहायची. ते बघवत नसे.

आणि शोकेइ? तो बाकावर यायचा बंद झाला. विड्या घ्यायला मागच्या दाराने यायचा, बोटाने पाकीट दाखवायचा. मी विचारलं, "बरं नाही का दादा?" तर नुसती मान हलवायचा. उशीसाठी तो चांगलाचुंगला मासा बाजूला काढून ठेवायला लागला. एकदा फुकट देऊ केला, तेव्हा ती कडाडली, "मासे नकोत मला, गिऱ्हाईक आण! तुझा मासा होता ना तो? मग एकदा तरी तोंड उघड की. एरवी तर दोन गावांना ऐकू जातोस!" शोकेइ होडीतल्या दोऱ्या गुंडाळत राहिला. गुंडाळलेल्या सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा.

तो इस्पितळात त्सुरुला भेटायला गेला. ती खाटेवर टेकून बसली होती, ओठांवर खपल्या होत्या. तो काही बोलायच्या आत ती म्हणाली, "गप्प राहायचं. मी मासा म्हणून सांगितलंय. शस्त्रक्रिया सोडून काढा पीत बसले, हे कोणत्या तोंडाने सांगू डॉक्टरला? तुझीही झाकली, माझीही झाकली. जा आता."

त्याला हायसं वाटलं. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची ती या गोष्टीची. बसमध्ये बसल्यावर आपण सुटल्याचा श्वास सोडला होता, हे तो सांगायचा तेव्हा त्याची मान खाली जायची.

फुमीला मात्र कुणी सांगावं लागलं नाही. घरातलं आलं संपत होतं, गूळ संपत होता, पातेल्याच्या बुडाला पिवळा राप बसला होता. तिने ते पातेलं त्याच्यापुढे आपटलं. "यात काय शिजलं?"

त्याने पातेलं पालथं घातलं.

"मी तुला निर्लज्ज म्हणायचे ते गमतीने रे," फुमी म्हणाली. "एका विधवेची चूल विझवून तू विड्या ओढत बसलायस. वर जेवू तरी कसा शकतोस?"

खरं तर तो जेवतच नव्हता. गालफडं बसली होती. त्याला वाटायचं, उद्या सांगू. सकाळी उशीची गाडी दिसायची आणि पाय वळायचे. जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता एका खोट्याबरोबर गप्प बसलेले सगळे दिवसही कबूल करावे लागणार होते.

उन्हाळ्याच्या तोंडावर होड्यांच्या शर्यतीचा सण येतो. त्या वर्षी गावप्रमुखाने ठरवलं, सणाच्या दिवशी सभागृहात शोकेइचा सत्कार करायचा. लाकडी फलकावर नाव कोरून आणलं. हिमेनोबाईंनाही बोलावलं. त्या आल्या आणि आधी शोकेइच्या घरी गेल्या. तो मागच्या दाराने उसाच्या शेतात निघून गेला. त्या दुकानात येऊन मला म्हणाल्या, "माझं काही चुकलं का हो?" मी काय सांगणार? मला तरी तेव्हा कुठे काय माहीत होतं?

शर्यत झाली. सभागृहात गर्दी, चटयांवर जेवण मांडलेलं, पोर्कचे तुकडे, समुद्रशेवाळाचं तळण, आवामोरीची दारू. उशी दाराशी बसली होती, तिच्या आजूबाजूला जागा रिकामी. चोशिन पुढे बसला होता. त्सुरु घरी होती, शस्त्रक्रियेची नवी तारीख घेऊन. गावप्रमुख खूप वेळ बोलला आणि त्याने फलक शोकेइच्या हातात दिला. टाळ्या झाल्या.

शोकेइ फलक धरून उभा राहिला. मग काहीतरी पुटपुटला.

"लाजला रे लाजला!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. "ऐकू येत नाही! तुझा आवाज कुठे गेला?"

त्याने पुन्हा म्हटलं, यावेळी मोठ्याने. "त्सुरुला मासा बाधला नाही."

हसणं लगेच थांबलं नाही, विरत गेलं.

"मासा चांगला होता. मी तिला आळंबीचा काढा करून देत होतो. बाईंनी मला बजावलं होतं, कुणाला देऊ नको. मी शब्द दिला होता. ती मला विचारत होती, औषध आहे का. मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटली. आणि उशीताईचा धंदा बसला तेव्हा मी ते बघत राहिलो." त्याने फलक गावप्रमुखापुढे खाली ठेवला. "हे परत घ्या."

चोशिन उठला. मला वाटलं, मारतो आता. तो शोकेइच्या अगदी जवळ गेला, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझी आई तुझ्यावर एवढा विश्वास ठेवते, काका, की माझ्याशी खोटं बोलली." आणि तो तडक बाहेर गेला. शोकेइ पुढे म्हणायचा, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

हिमेनोबाईंच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं होतं. त्या उठून दाराशी गेल्या आणि उशीपुढे डोकं जमिनीला लावलं. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "तो फोटो मी काढू दिला. त्यात आळंबी होती, काचेची बशी नव्हती. लोकांना काय वाटेल ते मला कळायला हवं होतं."

"तुम्ही उठा बाई, गुडघे दुखतील," उशी म्हणाली. मग तिने शोकेइकडे पाहिलं. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. तिने शिव्या दिल्या असत्या तर कुणालाही नवल वाटलं नसतं. ती एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी धक्क्यावर ये. गाडी तू ढकलायचीस."

आमच्याकडे पुरुष मासे पकडतात, विकतात त्या बायका. पुरुषाने गाडी घेऊन दारोदार फिरणं म्हणजे त्याने घागरा घालण्यासारखं. शोकेइ आला. उशी पुढे, तो मागे गाडी ढकलत. पहिलंच दार चोशिनच्या शेजाऱ्यांचं. घरातली बाई दारात आली, तिला कुठे बघावं कळेना.

शोकेइने खाली वाकून सुरुवात केली, "माझ्या हातून घडलेल्या—"

"ए!" उशी ओरडली. "भाषण काल झालं. मासा विक."

"मासा ताजा आहे," शोकेइ म्हणाला.

"कोणता मासा? मुका आहेस का?"

"गुरुकुन. आणि... लाल मासा."

"मोठ्याने! एरवी कसा ओरडतोस?"

त्याने ओरडून सांगितलं. त्याचे कान लाल झाले होते. त्या बाईने लाल मासाच घेतला. पुढच्या दारी दोघींनी घेतला. काहींना स्वतःचीच लाज वाटत होती, ते नको असताना घेत होते आणि उशी त्यांना टोमणे मारत होती, "का गं, आज पोट मजबूत झालं वाटतं?" दुकानासमोर गाडी आली तेव्हा मीही घेतला. शोकेइने माझ्याकडे पाहिलं नाही. मासा कागदात गुंडाळताना त्याला कोपरे दुमडता येईनात. उशीने त्याच्या हातातून कागद हिसकावला.

तो तसा एकच दिवस आला असता तरी चाललं असतं, पण उशीने पुरे म्हटलं नाही आणि तो येत राहिला. पावसाळा उलटून उशीचं गिऱ्हाईक पूर्ववत झालं, तेव्हा एक दिवस ती म्हणाली, "आता जा. तू असलास की बायका घासाघीस करत नाहीत, मजा येत नाही."

त्सुरुचं मात्र वेगळंच झालं. तिची शस्त्रक्रिया झाली, ती सुखरूप घरी आली, आणि शोकेइ भेटायला गेला तर तिने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "मी तुझी झाकली होती. तू माझी चव्हाट्यावर आणलीस. कुणाला विचारून?" तो अंगणात उभा राहिला. उशीचं देणं द्यायला त्याने त्सुरुची लाज खर्ची घातली होती, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. फुमीने समजूत काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. त्सुरु त्याच्याशी दीड-दोन वर्षं बोलली नाही. मग एकदा दुकानात दोघं समोरासमोर आली आणि ती म्हणाली, "बाजूला हो, गाढवा." तो बाजूला झाला आणि बाहेर जाऊन रडला.

पुढे तिची गाठ पुन्हा उठली आणि त्यातच ती गेली. तिला पोचवून आल्यावर शोकेइ शहरात जाऊन डॉक्टरांना भेटला. त्याने विचारलं, पहिल्या तारखेला शस्त्रक्रिया झाली असती तर ती जगली असती का? डॉक्टर म्हणाले, "कदाचित. कदाचित नाही. ते आता कुणालाच सांगता येणार नाही." परत येऊन त्याने मला हे सांगितलं. "'हो' म्हणाले असते तर मी खुनी ठरलो असतो," तो म्हणाला. "'नाही' म्हणाले असते तर सुटलो असतो. आता यातलं काय समजून जगायचं?"

हिमेनोबाई येत राहिल्या. शोकेइने एक अट घातली. दर वर्षी काम सुरू करण्याआधी त्यांनी सभागृहात बसून गावाला सांगायचं, काय सापडलंय आणि काय सापडलेलं नाही. बाईंनी ते पाळलं. त्यांच्या त्या पदार्थाचं औषध काही झालं नाही. त्याने उंदरांचं यकृत बिघडायला लागलं, हेही त्यांनी सभागृहात स्वतःच सांगितलं. पुढे त्या दुसऱ्या मऊ पोवळ्यांकडे वळल्या. शोकेइ त्यांना होडीतून नेई, हवं ते काढून देई, पण फोटोला कधी उभा राहिला नाही.

तो बराच म्हातारा झाल्यावरची एक गोष्ट सांगते. दुसऱ्या बेटावरून एक माणूस आला, फेरीबोटीने, सुटाबुटात. दुकानात येऊन त्याने विचारलं, आळंबीवाला तोगुची कुठे राहतो? शोकेइ बाहेर उन्हात बसला होता. त्या माणसाच्या बायकोला कॅन्सर होता. त्याने कुणाकडून तरी जुनी बातमी ऐकली होती.

"ते औषध नाही," शोकेइ म्हणाला. "विष आहे. मी एका बाईला दिलं होतं."

"तुम्हाला द्यायचं नाही म्हणून सांगताय."

"नाही. मी दिलं होतं म्हणून सांगतोय."

त्या माणसाचा विश्वास बसेना. आधी तो विनवण्या करत होता, मग त्याचा आवाज चढला. कंजूष म्हणाला, काळजाचा दगड म्हणाला, तुझ्या घरात कुणाला झालं असतं म्हणजे कळलं असतं, असंही म्हणाला. मी बाहेर येऊन त्याला थांबवणार होते. शोकेइने मला हाताने खूण केली, राहू दे. तो खाली मान घालून सगळं ऐकत होता. तो माणूस बोलून बोलून थकला आणि बाकावर बसला तेव्हा शोकेइने मला चहा आणायला सांगितला.

"परतीची बोट संध्याकाळी आहे," तो त्या माणसाला म्हणाला. "तोवर बसा. बायकोचं नाव काय?"

त्या माणसाने नाव सांगितलं. मी चहा आणून ठेवला आणि आत गेले. बोटीचा भोंगा होईपर्यंत ते दोघं तिथेच बसले होते. बोलत होता तो पाहुणा, शोकेइ आपला बरा कान त्याच्याकडे करून ऐकत होता.